मागून फेकणारी गाडी

सोयाबीन निघायला लागलं की पुसदमध्ये सगळ्या वस्तूंवर एक पिवळट, खाजरी धूळ बसते. गावाबाहेर थ्रेशर सुरू असतात. त्यांचा भुसा वाऱ्यावर गावात येतो आणि दोरीवरचे कपडे अंगात घातले की मानेला चावतात. सकाळी शाल हवीशी वाटते, अकरा वाजता पंखा. दोन महिन्यांपूर्वी चपलेसकट पाय गिळणारी काळी जमीन आता टणक होते, तडकते, आणि तिच्या पाठीवर मैद्यासारखी बारीक माती सुटते. फरशीवर मैदा सांडावा आणि कुणाला तरी त्यावरून पळायला सांगावं, तशी ही जमीन. हिच्यावर कुठल्याच चाकाला धड पकड मिळत नाही.

काल सकाळी बाबा घरामागच्या लेआऊटमधून फिरून आले, चिमटीतली माती माझ्या चहाच्या कपाशेजारी ओट्यावर सोडली आणि म्हणाले, "सुटली."

"बाबा, मला पेपर तपासायचे आहेत."

"मी कुठं काय म्हटलं? सुटली, एवढंच म्हटलं."

या 'एवढंच'चा अर्थ मला चांगला ठाऊक आहे. पुढचा महिनाभर आमच्या जेवणाच्या टेबलावर जेवण सोडून सगळं असणार, आई माझ्यावर चिडणार, मी बाबांवर चिडणार, आणि बाबा मागच्या टायरवर. ही माती सुटली की मला तीन वर्षांपूर्वीचा तो सगळा मोसम आठवतो. त्या दिवसांत मी जितकी वैतागले, तितकी आयुष्यात कशावर वैतागले नसेन. आणि वैतागले कशावर, तर दीड फुटाच्या एका ट्रकवर.

माझे बाबा वीज खात्यातले निवृत्त ज्युनिअर इंजिनिअर. मी पुसदच्याच एका ज्युनिअर कॉलेजात फिजिक्स शिकवते आणि आईबाबांबरोबर राहते. त्या वर्षी फेब्रुवारीत बाबांना लकवा मारला, डाव्या बाजूला. पाय दोन-अडीच महिन्यांत बऱ्यापैकी परत आला. हात आला, पण रुसून आला. बोटं मिटायची, ती एकदम मिटायची. उघडायची म्हटली की विचार करत उघडायची. फिजिओथेरपीच्या बाईंनी दाबायला एक रबरी चेंडू दिला होता. बाबांनी तो पहिल्याच आठवड्यात कपाटावर फेकला. "मी काय लहान लेकरू आहे?" डावा हात त्यांनी झब्ब्याच्या खिशात घातला, तो तिथंच राहिला. लग्नाकार्याला जाणं बंद, सकाळच्या फिरण्यातली मित्रमंडळी बंद. कुणी भेटायला आलं की खिशातला हात खिशातच ठेवून ते उजव्या हातानं पेपर वाचत बसायचे.

मग पुण्याहून माझ्या धाकट्या भावानं, नितीननं, तो ट्रक पाठवला. रिमोटवर चालणारा, पण खेळण्यातला नव्हे, शर्यतीचा. उंच चाकं, प्रत्येक चाकाला स्वतःचा शॉकअप, आणि मोटरचा सगळा जोर मागच्या दोन चाकांना. रिमोट पिस्तुलासारखा. तो डाव्या हातात धरायचा, डाव्या तर्जनीनं खटका ओढला की गाडी पळते, उलट ढकलला की ब्रेक. आणि बाजूचं छोटं चाक उजव्या हातानं फिरवून गाडी वळवायची. नितीन फोनवर मला म्हणाला, "ताई, बोटांचा व्यायाम होईल. त्यांना मात्र व्यायाम म्हणून सांगू नकोस."

सांगायची गरजच पडली नाही. बाबांनी खोकं उघडलं, ट्रक उलटा केला, आणि फेब्रुवारीनंतर पहिल्यांदाच त्यांचा डावा हात आपणहून खिशाबाहेर आला. मी स्वयंपाकघरात जाऊन आईला सांगितलं. आई म्हणाली, "बरं झालं," आणि पदरानं डोळे पुसले. बिचारीला पुढचं माहीत नव्हतं.

पुढचं गजूकाकांमुळे घडलं. गजूकाका नेरचे. बाबा नेरला असताना ते त्यांच्या हाताखाली लाइनमन होते. आता घरची शेती बघतात, कपाशी, सोयाबीन, तूर. बाबांना ते अजून 'सायेब'च म्हणतात. बाबांनी ट्रकची बातमी फोनवर दिली तेव्हा पलीकडून आवाज आला, तो मलाही ऐकू आला.

"अरे सायेब, तशा गाड्याईची तं आमच्या वावरात शर्यत असते दरसाल! सोयाबीन निघालं का अमरावतीकडचे, यवतमाळचे लोक येतात ना. मी देतो वावर. तुमी या ना आपली गाडी घेऊन!"

बाबांनी फोन ठेवला आणि छाती काढून माझ्याकडे पाहिलं. त्या छातीचा पुढे मला फार त्रास झाला.

आमच्या घरामागे एक लेआऊट आहे. प्लॉट पाडलेत, दगड रोवलेत, घर एकही नाही. तिथं बाबांनी जुन्या पाइपांचे तुकडे मांडून ट्रॅक केला. एक लांब सरळ पट्टा, मग एकदम आत वळणारं वळण, मग दोन उंचवटे. पहिल्या दिवशी ट्रक सरळ पट्ट्यावरून असा सुटला की मीसुद्धा टाळी वाजवली. वळणातून निघताना बाबांनी खटका ओढला, मागची चाकं मातीवर फिरली, मागचा भाग पुढं आला आणि गाडी तोंड फिरवून आमच्याकडे बघत उभी राहिली. जणू काही विसरलं होतं आणि परत विचारायला आली.

"मागून फेकते," बाबा म्हणाले. "टायर बोगस आहे."

टायर बदलले. नितीननं पुण्याहून बारीक, दाट काट्यांचे मऊ रबराचे पाठवले. दोन फेऱ्या गाडी नीट फिरली, तिसरीला पुन्हा तोंड फिरवून उभी. मग बाबा म्हणाले, मागं वजन कमी पडतं. वजन किती आहे ते बघायला त्यांनी आईचा स्वयंपाकघरातला काटा घेतला. पुढची चाकं काट्यावर, मागची वहीवर, मग मागची काट्यावर, पुढची वहीवर.

"त्याच्यावर मी चिवड्याचे पोहे मोजते!" आई ओरडली. "दिवाळी तोंडावर आली, आणि तुम्ही त्याच्यावर चिखलाची चाकं ठेवता?"

"चिखल कुठं आहे? कोरडी माती आहे."

"मग घाला चिवड्यात!"

बॅटरी मागं सरकवली. मागची पकड वाढली खरी, पण आता पुढची चाकं हलकी झाली आणि गाडी वळायलाच तयार नाही. थेट शेजारच्या प्लॉटच्या दगडावर. बॅटरी पुन्हा निम्मी पुढं. मागचे स्प्रिंग मऊ केले. शॉकअपमधलं ऑइल पातळ केलं. त्या ऑइलच्या इवल्या बाटल्या टेबलावर मिठाच्या बरणीशेजारी मांडलेल्या असत आणि आई रोज संध्याकाळी त्या एका पातेल्यात भरून गॅलरीत नेऊन ठेवी. मागची चाकं समोरच्या बाजूनं किंचित आत वळवली, त्यानं गाडी सरळ धावते असं नितीनचं म्हणणं. क्लच ढिला केला. प्रत्येक बदलानंतर बाबा म्हणायचे, "आता बघ." मी बघायची. गाडी एक फेरी सुधारायची, दुसरीत आशा लावायची, आणि तिसरीत त्याच वळणावर तशीच गर्रकन फिरायची.

कॉलेज सुटलं की मी उन्हात उभी राहून फिरलेली गाडी उचलून सरळ करायची, हेच माझं काम. ओठ फुटलेले, नाकात भुसा, साडीच्या काठाला कुसळं. तो सबंध मोसम माझ्या आठवणीत एका वासाचा आहे. तापलेली मोटर, सोयाबीनचा भुसा आणि रबर. सगळे लोक दिवाळीची खरेदी करत होते, आणि मी एका वळणावर, 'वृंदा, उचल!' या हाकेची वाट बघत. बाहेर तुरीला फुलं आली होती. लेआऊटच्या कडेचं वावर पिवळं झालं होतं. दुसऱ्या कुठल्या वर्षी मी त्याकडे बघितलं असतं.

गजूकाका एकदा कुणाच्या तेरवीला पुसदला आले, ते घरी डोकावले. बाबांनी त्यांना ट्रॅकवर नेलं. तीनदा गाडी फिरली. काकांनी टोपी मागं सरकवली.

"सायेब, माती लय सुटली. थोडसं पाणी मारा ना. आमी शर्यतीच्या अगुदर मारतोच."

थोडसं! शेजारच्या प्लॉटवर पाण्याची टाकी होती, तिथून नळी लावली. काका शेतकरी, त्यांच्या हातात नळी आली की ती बंद होईपर्यंत शेत भिजतं. दुसऱ्या दिवशी बाबांनी ट्रक सोडला, तो पंधरा हात गेला आणि हळूहळू सुजायला लागला. काळी माती चाकांना थरावर थर चढत गेली, चाकं लाडवाएवढी झाली, मग नारळाएवढी, आणि गाडी आपल्याच वजनानं थांबली. मला ती खराट्याच्या काडीनं कोरून काढायला दोन तास लागले. बाबा शेजारी खुर्ची टाकून बसले होते.

"पकड मात्र वाढली होती," ते म्हणाले.

मी काडी खाली ठेवली आणि दहापर्यंत आकडे मोजले. चौदापर्यंत मोजावे लागले.

दिवाळीच्या चार-पाच दिवस आधीची दुपार. जमीन पुन्हा वाळली होती. बाबांना कुणाचा तरी फोन आला म्हणून ते घरात गेले, रिमोट माझ्या हातात देऊन. मी तोवर गाडी कधी चालवलेली नव्हती, मी उचलणारी. सहज खटका ओढला. गाडी निघाली. सरळ पट्टा, वळण. वळणात मी घाबरून बोट सैल केलं, बाहेर पडताना हळूच ओढलं. गाडी वळणातून सुरेख निघाली. पुन्हा एक फेरी. पुन्हा. आठ फेऱ्या मी मोजल्या. मागचं चाक एकदाही सुटलं नाही.

मी रिमोट खाली केला आणि त्या पिवळ्या तुरीकडे बघत उभी राहिले. टायर ठीक होते. स्प्रिंग ठीक होते. काटा, ऑइल, क्लच, सगळं ठीक होतं. फळ्यावर मी दर वर्षी शिकवते तेच. चाकाला मातीची जेवढी पकड असते, तिच्यापेक्षा जास्त जोर एकदम लावला की चाक सरकतं. जोर एकदम येत होता. तो बोटातून येत होता. बाबांची तर्जनी मिटायची तर पूर्ण मिटायची. खटका त्यांच्याकडून थोडासा ओढलाच जात नव्हता.

बाबा परत आले. "काय, चालवून बघितलीस का?"

"नाही," मी म्हणाले.

आता यात काय लपवायचं, असं कुणी म्हणेल. पण ज्या माणसानं आठ महिने हात खिशात ठेवला आणि आठ महिन्यांनी बाहेर काढला, त्याला 'तुमच्या हातामुळेच' हे कोणत्या तोंडानं सांगायचं? मला नाही जमलं. मी दुसरं केलं, सोपं आणि वाईट. रिमोटमध्ये एक सोय असते. खटका पूर्ण ओढला तरी मोटरला किती जोर द्यायचा, ते आकड्यानं कमी करता येतं. बाबा दुपारी झोपले होते तेव्हा मी तो शंभराचा साठ केला.

संध्याकाळी गाडी वळणातून तेलात भिजवल्यासारखी निघाली. एकदा, दोनदा, दहादा. बाबांचा चेहरा मी विसरणार नाही. त्यांनी तिथल्या तिथं नितीनला फोन लावला. "अरे, जमलं! मागच्या शॉकअपचं ऑइल होतं सगळं. मी म्हणतच होतो." मग गजूकाकांना. मग त्या मित्रांना, ज्यांच्याशी ते फेब्रुवारीपासून बोललेच नव्हते. दिवाळीला घरी आलेल्या प्रत्येकाला चिवड्याबरोबर शॉकअपच्या ऑइलची गोष्ट मिळाली. ते हात हलवत सांगत होते, दोन्ही. आई माझ्याकडे बघून हसत होती, आणि मी बशीतला अनारसा नुसता मोडत बसले होते.

बाबांनी नेरच्या शर्यतीत नाव दिलं. नेरच्या वावरात लांब सरळ पट्टा असतो. तिथं साठावरची गाडी बैलगाडीसारखी मागं राहणार, हे मला कळत होतं, आणि ते का, हे तिथं उभा असलेला कुणीही रिमोट हातात घेऊन दोन मिनिटांत सांगणार होता. माझा वैताग आता ट्रकवर राहिला नव्हता. मला माझाच राग यायला लागला होता. आणि राग आला की मी आईवर ओरडते. तिसऱ्यांदा विनाकारण ओरडल्यावर आई म्हणाली, "काय लपवून राह्यली तू?"

भाऊबीज झाली. दिवाळीला आलेला नितीन पुण्याला परत गेला. सकाळी बाबा टेबलावर टायर पुसत बसले होते. मी समोर बसले आणि सांगून टाकलं. साठ, आठ फेऱ्या, बोट, सगळं.

रागात असले की बाबांची भाषा ऑफिसातून बाहेर पडते आणि गावाकडं जाते. त्यांनी टायर खाली ठेवला.

"तू माह्या माघारी माही गाडी मंद केली?"

"तुम्हाला वाईट वाटेल म्हणून, बाबा."

"वाटलं असतं. मंग? फेब्रुवारीपासून रोजच वाटून राह्यलं. त्यात अजून एक दिवस!" त्यांचा आवाज फुटला. "छत्तीस वर्सं लाइनवर काम केलं म्या. लाइन बंद करायची तं ज्याचा जीव खांबावर आहे, त्याले सांगून बंद करतात. चालू करायची, तरी सांगून. न सांगता बटनाले हात लावला तं माणूस मरते. हे तुले कदी शिकवलं नाही का म्या? लकवा हाताले झाला वृंदा, मले नाही झाला."

त्यांनी रिमोट माझ्याकडे सरकवला, डावा हात खिशात घातला आणि आत निघून गेले.

दोन दिवस ते माझ्याशी बोलले नाहीत. आईतर्फे बोलायचे, मी समोर बसलेली असताना आईला सांगायचे, "तिला म्हणा, दूध उतू जाते." वैताग म्हणजे काय, हे मला वाटत होतं की मला कळलंय. खरा वैताग हा, की समोरचा माणूस बरोबर आहे, आणि आपणही चांगल्यासाठीच केलं होतं, आणि या दोन गोष्टींना एकत्र बसवायला कुठंच जागा नाही. मी वर्गात घर्षण शिकवत होते आणि मध्येच थांबले. मुलांना वाटलं, मी उदाहरण आठवतेय.

तिसऱ्या दिवशी मी कॉलेजातून आले तर टेबलावर रिमोट उघडा पडला होता. झाकण बाजूला, चार स्क्रू बशीत. बाबा चष्मा कपाळावर चढवून आत बघत होते. मान वर न करता त्यांनी विचारलं, "या गाडीत स्प्रिंग किती?"

"चार," मी म्हणाले. त्या सकाळनंतर माझ्याशी थेट बोललेलं ते पहिलं वाक्य.

"पाच." त्यांनी उजव्या हातातला बारीक स्क्रूड्रायव्हर खटक्यावर टेकवला. "पाचवं इथं आहे. खटक्याच्या मागं. इतकं मऊ आहे की नुसतं बोट ठेवलं तरी आत जाते. आपण बाहेरचे चार मऊ करत बसलो. हे कडक करायला पाहिजे होतं. बोटाला काहीतरी अडवणारं पाहिजे. मग ते थांबत थांबत जाते."

मी खुर्ची ओढून बसले. त्या एका संध्याकाळी आम्ही गाडीत जितकं काम केलं, तितकं मागच्या महिनाभरात नव्हतं झालं, कारण आता हिशेबात बोटही धरलं होतं. खटक्याचं स्प्रिंग कडक करायचा एक स्क्रू असतोच, तो फिरवला. मग ट्रॅकवर. गाडी फिरली, पण उशिरा फिरली. अजून अर्धा फेरा कडक. मागचे स्प्रिंग आम्ही फारच मऊ करून बसलो होतो, गाडी वळणात लोळत होती. ते जरा कडक केले. बोटाला ओढायला जोर लागायला लागला, कपाळावर घाम यायला लागला. बाबा दोन फेऱ्या करायचे आणि बोट सोडून झटकायचे. अंधार पडायच्या आत पाच फेऱ्या बिनचूक झाल्या.

"आता तो आकडा," ते म्हणाले. "किती आहे?"

"शंभर. तुम्हाला सांगितलं त्याच दिवशी परत केला."

"पंच्याऐंशी कर."

मी त्यांच्याकडे बघितलं.

"बघते काय? कमी करायला माझी ना नव्हतीच. मला विचारून कर."

नेरला आम्ही दिग्रस, दारव्हा करत गेलो. बाबा पुढच्या सीटवर, ट्रक त्यांच्या मांडीवर, टॉवेलमध्ये गुंडाळलेला. रस्त्याच्या कडेच्या बाभळींना कापसाचे पुंजके अडकले होते. आई मागं डबा घेऊन बसली होती आणि वाटभर म्हणत होती की तिला यातलं काही बघायचं नाही. गजूकाकांच्या वावरात सोयाबीन निघून गेलं होतं, ट्रॅकभर चुन्याच्या रेघा मारल्या होत्या, आणि पाणी या वेळी बेतानं मारलेलं होतं. सात गाड्या. बाकीचे चालवणारे तिशी-पस्तिशीतले, त्यांच्या गाड्यांची खोकी बॅगांसारखी, टेबलं घडीची. बाबांचं टेबल म्हणजे गजूकाकांच्या घरचं उलटं घमेलं.

चालवणाऱ्यांना उभं राहायला एक ट्रॉली लावली होती. बाबांना चढायला काकांनी हात पुढं केला. "सायेब, आस्ते."

"आस्तेच तर चालवायचं आहे आज," बाबा म्हणाले.

सुरुवातीलाच बाकीचे सहा पुढं गेले. सरळ पट्ट्यावर पंच्याऐंशीची गाडी ती पंच्याऐंशीच. माझ्या शेजारी आई कुजबुजली, "हे काय, आपली शेवटी?" पण त्या मोठ्या वळणावर मैद्यासारखी माती साठली होती, आणि तिथं एक एक गाडी मागून फेकायला लागली. एक फिरली, तिच्यावर दुसरी चढली. बाबांची गाडी त्यांच्या बाजूनं, कडेकडेनं, शहाण्या म्हशीसारखी निघून गेली. चौथ्या फेरीत ती एकदा फिरलीच. मी डोळे मिटले. उघडले तेव्हा ती परत सरळ झाली होती. यातलं काही बघायचं नाही म्हणणारी आई ओरडत होती, "आता वळवा! अहो, वळवा!" शेवटी बाबा चौथे आले. सातांत चौथे.

ट्रॉलीवरून उतरल्यावर पहिला आलेला माणूस बाबांकडे आला, अमरावतीकडचा कुणी, डोळ्यांवर काळा चष्मा. त्यानं ट्रक हातात घेऊन मागची चाकं फिरवून बघितली. "काका, त्या वळणात आम्ही सगळे गेलो. तुमची मागची पकड जबरदस्त आहे. टायर कोणते?"

बाबांना हवं असतं तर शॉकअपच्या ऑइलची गोष्ट तयारच होती. सबंध दिवाळी पाठ झालेली.

बाबांनी रिमोट धरलेला डावा हात पुढं केला. बोटं अजून खटक्याभोवती मिटलेली होती, उघडत नव्हती. त्यांनी ती उजव्या हातानं एकेक करून सोडवली, सगळ्यांसमोर. "टायर तुमच्यासारखेच आहेत, वेगळे नाहीत. या हाताला लकवा झाला फेब्रुवारीत. याला थोडं थोडं ओढता येत नाही, एकदम मिटतो, म्हणून खटक्याचं स्प्रिंग कडक केलं. तुमचं जरा ओढून दाखवा बरं."

त्या माणसानं आपला रिमोट दिला. बाबांनी खटका दाबला. "हे पहा, हवेत बोट हलवल्यासारखं आहे. कडक करा." चार-पाच जण भोवती जमले. कुणी हाताबद्दल विचारलं, किती महिने झाले, कोणते व्यायाम. बाबा सांगत होते. जे मला, आईला, नितीनला, आमच्यापैकी कुणालाच त्यांनी नऊ महिने सांगितलं नव्हतं, चेंडू दाबला की खांद्यापर्यंत कसं दुखतं, बोटं सकाळी कशी बधिर असतात, ते सगळं एका वावरात, काळ्या चष्म्यातल्या अनोळखी माणसाला! मला आनंद झाला का? झाला. पण आधी राग आला. मी नऊ महिने घरातच होते की!

गजूकाका माझ्याशेजारी येऊन उभे राहिले. "बाई, काहून तोंड उतरलं तुमचं? सायेब चवथे आले ना!"

"काही नाही, काका. धूळ गेली डोळ्यांत."

"हाव, धूळ तं लयच आहे," काका म्हणाले आणि दुसरीकडं बघायला लागले. भला माणूस.

परतीच्या वाटेवर दारव्ह्याच्या पुढं बाबा म्हणाले, "मागून थोडी अजून फेकते." आई झोपली होती.

दुसऱ्या दिवशी रविवार होता. मी उठले तर ते टेबलावर बसलेले, मागचं एक चाक काढलेलं, आणि शॉकअपचा बारका स्क्रू डाव्या हाताच्या चिमटीत. उजवा हात त्यांनी मुद्दाम मांडीखाली दाबून ठेवला होता. स्क्रू भोकापर्यंत जायचा आणि निसटायचा. टेबलावर पडला, त्यांनी उचलला. पुन्हा पडला. माझा हात दोनदा पुढं झाला, दोन्ही वेळा मी तो मागं घेतला. मी ठरवलं होतं, मदत करायची नाही. तिसऱ्यांदा, चौथ्यांदा. मी दात आवळून बसले, पेपराची तीच ओळ पुन्हा पुन्हा वाचत. पाचव्या वेळी स्क्रू टेबलावरून घरंगळला, खाली पडला आणि खुर्चीच्या पायाआड कुठंतरी गेला. मी जागची हलले नाही.

बाबांनी चष्म्यावरून माझ्याकडं पाहिलं.

"अगं, पडला ना स्क्रू! बघत काय बसलीस? उचल!"

मी टेबलाखाली वाकले.